सटाची टिचकी

दोष थोरल्या सटाचा होता. उगाच चक्कीला नावं ठेवू नयेत.

चिनी मातीच्या त्या राज्यात भट्टीतून निघालेल्या प्रत्येकाला सट टिचकी मारून बघायचा. खणखणीत वाजला तो फळीवर, बद्द वाजला तो वेशीबाहेरच्या ढिगावर. स्वतः सट, म्हणजे थोरली बरणी, गळ्यापर्यंत लोणच्यानं भरलेला. त्याला टिचकी मारायची प्रथाच नव्हती.

एक कप असाच ढिगावर आला. एकाच गोळ्यातली त्याची धाकटी बहीण, बशी, फळीवर राहिली. ती खणखणीत होती, एवढ्यावरच त्याचा जीव निर्धास्त होता.

मग तटाला भगदाड पडलं आणि सटासारख्या भरलेल्या म्हाताऱ्यांना ढिगाची आठवण झाली. सट वेशीवर येऊन गहिवरून बोलला. टाकाऊ कुणीच नसतं म्हणे. तुकडे दळायचे, चिखलात कालवायचे, विटा पाडायच्या, तट उभारायचा. ढीग हुरळून गेला. कपाला मात्र ही अचानक फुटलेली माया खटकली.

"आबा, तुमच्यातलं कोण जातंय चक्कीत?" त्यानं विचारलं.

"आम्ही भरलेले, बाळा. आमच्यावर जबाबदाऱ्या असतात."

विटा चांगल्या झाल्या, हे कपालाही नाकारता येईना. भगदाड बुजलं. तरी चक्की थांबली नाही. तट अजून उंच हवा, असं सटानं ठरवलं. ढीग तळाला गेला, विटा मात्र रोज तेवढ्याच पडत होत्या. हा माल येतो कुठून, असं कप ज्याला त्याला विचारू लागला. उरलेसुरले तुकडे त्याला हसले. तुझ्या डोक्यालाच तडा गेलाय, म्हणाले.

एका सकाळी तो गडगडत चक्कीपाशी गेला. गाडीत धड भांडी होती. अख्खी, चकचकीत. सटाला हल्ली सगळेच बद्द ऐकू येत होते.

बशी तिसऱ्या थरात होती.

"दादा, मी नीटच वाजले होते," ती म्हणाली. "आबांनी पुन्हा टिचकी मारली. मग पुन्हा. त्यांना बद्द ऐकू येईपर्यंत."

कप चाकापुढे आडवा पडला. गाडीवाल्या घमेल्यानं त्याला उचलून बाजूला ठेवलं. रांगेत ये म्हणाला, नंबर लागेल तुझाही.

नंबर लागला नाही. त्याआधीच तट पुरा झाला. उंच, पांढरा, कुठेही फट नसलेला. आत रिकाम्या फळ्यांच्या ओळी, आणि मधोमध सट, एकदम सुरक्षित.

बाहेर कप. त्याची बहीण गेली, आणि ती कुठल्या विटेत आहे हे त्याला कधीच कळलं नाही.