शेंड्याचं साखरेचं पान

एक होती अळी. इवलीशी. हिरवी हिरवी. आपल्या करंगळीच्या नखाएवढी.

वसईच्या एका वाडीत रेजिनामावशीचं घर होतं. घराच्या ओट्यावर एक कुंडी. कुंडीत लिंबाचं रोप. आणि रोपाच्या अगदी शेंड्यावर एक पान. कोवळं, लुसलुशीत, चकचकीत!

बाकीची पानं जून झाली होती. अळीला ती चावायचीच नाहीत. म्हणून अळी सकाळपासून वर वर चढत होती. सुळुक सुळुक. सुळुक सुळुक. पोटात भूक. एवढी मोठ्ठी भूक!

शेंडा आला. पान आलं. अळीने तोंड उघडलं. आ...

खुट्ट!

पान गेलं! रेजिनामावशीने पान खुडलं. तांब्यातल्या शेवटच्या पाण्याने धुतलं. पुसलं. आणि घरात नेलं.

"अगं अगं, माझं पान!" अळी ओरडली. पण तिचा आवाजही इवलासा. तो मावशीला कसा ऐकू जाणार?

अळी निघाली. कुंडीवरून खाली. ओट्यावरून पुढे. दाराच्या फटीतून आत. सुळुक सुळुक. सुळुक सुळुक.

आत येऊन बघते तर काय! अबब! टेबलावर झाड!

तसंच लिंबाचं रोप. तशीच कुंडी. पिवळी पिवळी लिंबं. पांढरी पांढरी फुलं. फुलांत बारीक बारीक केसर. अळी एका पानावर चढली. वास घेतला. वासच नाही! जीभ लावली. गोड!

"अगंबाई! हे तर साखरेचं पान!"

लिंबं साखरेची. फुलं साखरेची. कुंडी केकची. अळी बघतच राहिली. डोळे एवढे मोठे झाले! पण अळीला साखर चालत नाही. अळीला लागतं पान. खरं खरं पान.

तेवढ्यात मावशी म्हणाली, "संध्याकाळी पप्पांचा वाढदिवस. ऐंशी वर्षं झाली पप्पांना! आता शेंड्याचं एकच पान करायचं राहिलं."

मावशीने हिरवी साखर मळली. कणकेसारखी मऊ मऊ. लाटली. लाकडी साच्यात ठेवली. वर ठेवलं अळीचं पान. साचा मिटला आणि दाबला. गच्च!

अळी साच्याजवळ गेली. सुळुक सुळुक. सुळुक सुळुक.

"साच्या, साच्या, सुट ना!
माझं पान मिळेना!"

साचा म्हणाला, "साखर वाळली नाही, मी सुटू कसा? जा, साखरेला सांग."

अळीने साच्याच्या फटीला तोंड लावलं.

"साखरे, साखरे, वाळ ना!
साचा सुटेना,
माझं पान मिळेना!"

आतून साखर म्हणाली, "वारा आला नाही, मी वाळू कशी? जा, वाऱ्याला सांग."

अळी बाहेर गेली. सुळुक सुळुक. सुळुक सुळुक. वारा बसला होता उंच माडावर. झावळ्यांशी खेळत. सळ सळ. सळ सळ.

"वाऱ्या, वाऱ्या, ये ना!
साखर वाळेना,
साचा सुटेना,
माझं पान मिळेना!"

वारा म्हणाला, "खिडकी हलली नाही, मी येऊ कसा? जा, खिडकीला सांग."

अळी भिंतीवर चढली. सुळुक सुळुक. सुळुक सुळुक. दमली. थांबली. पुन्हा चढली.

"खिडकी, खिडकी, हल ना!
वारा येईना,
साखर वाळेना,
साचा सुटेना,
माझं पान मिळेना!"

खिडकी म्हणाली, "मावशीने कडी काढली नाही, मी हलू कशी? जा, मावशीला सांग."

अळी मावशीकडे गेली. सुळुक सुळुक. सुळुक सुळुक. थेट मावशीच्या खांद्यावर चढली. कानाशी गेली. आता तरी मावशीला ऐकू येईल!

"मावशी, मावशी, कडी काढ ना!
खिडकी हलेना,
वारा येईना,
साखर वाळेना,
साचा सुटेना,
माझं पान मिळेना!"

"अगं बाय! कोण बोललं?" मावशीने मान वळवली. "तू होय, अळीबाई! ते पान तुझं होतं का गं? मला कुठे ठाऊक! पण हे बघ माझे हात. साखरेने चिकट चिकट. कडीला लावले तर कडीच चिकटेल! बादली भरली नाही, मी हात धुऊ कशी? जा, बादलीला सांग."

अळी विहिरीवर गेली. सुळुक सुळुक. सुळुक सुळुक. पोटात भूक गुरगुरत होती. बादली काठावर बसली होती. रिकामी. ठण्ण!

"बादली, बादली, भर ना!
मावशी कडी काढेना,
खिडकी हलेना,
वारा येईना,
साखर वाळेना,
साचा सुटेना,
माझं पान मिळेना!"

बादली म्हणाली, "आजोबा उठले नाहीत, मी भरू कशी? मला ओढायचं कोणी? जा, आजोबांना सांग."

आजोबा म्हणजे मावशीचे पप्पा. अंतोनआजोबा. अंगणात बाजेवर झोपले होते. घुर्र घुर्र. घुर्र घुर्र.

"आजोबा, आजोबा, उठा ना!
बादली भरेना,
मावशी कडी काढेना,
खिडकी हलेना,
वारा येईना,
साखर वाळेना,
साचा सुटेना,
माझं पान मिळेना!"

आजोबा झोपेतच म्हणाले, "घुर्र... झोप मोडली नाही... घुर्र... मी उठू कसा?"

आणि या कुशीवरून त्या कुशीवर वळले.

आता कोणाला सांगायचं? अळीने इकडे पाहिलं. कोणी नाही. अळीने तिकडे पाहिलं. कोणी नाही. ऊन तर उतरायला लागलं. अळीला रडू आलं. एक थेंब आला. टप्प!

मग अळीला दिसला आजोबांचा पाय. पायाचा तळवा. गुलाबी गुलाबी, मोठाच्या मोठा!

अळीने डोळे पुसले. अळी तळव्यावर चढली.

सुळुक सुळुक. सुळुक सुळुक.

आजोबांचा अंगठा हलला.

सुळुक सुळुक. सुळुक सुळुक.

पाचही बोटं हलली.

सुळुक सुळुक. सुळुक...

"खी खी खी! अरे, गुदगुल्या कोण करतंय? खी खी खी!"

आजोबा उठले!

आजोबा उठले आणि विहिरीवर गेले. बादली सोडली. धुडुम! बुडुक बुडुक बुडुक. ओढली. करकर, करकर. बादली भरली!

बादली भरली आणि मावशीने हात धुतले. खळ खळ खळ. मावशीने कडी काढली. खट्!

कडी काढली आणि खिडकी हलली. कुई!

खिडकी हलली आणि वारा आला. माडावरून खाली, खिडकीतून आत. सूं सूं सूं! साच्याच्या फटीफटीत शिरला.

वारा आला आणि साखर वाळली. साखर वाळली आणि साचा सुटला. टक्!

मावशीने वरचं पान हळूच उचललं. हळूच. अगदी हळूच.

खाली होतं दुसरं पान. साखरेचं!

अबब! मधली लांब शीर तश्शी. बाजूच्या बारीक बारीक शिरा तश्शा. टोकाचा बाकही तस्साच. एक पान झाडाने केलेलं. एक पान मावशीने केलेलं. अळी या पानाकडे बघे. अळी त्या पानाकडे बघे. भूक लागलीय, हेसुद्धा ती विसरली!

मावशीही श्वास धरून बघत राहिली.

मग मावशी म्हणाली, "अळीबाई, तुझ्या पानामुळे झालं हं हे. घे, तुझं पान."

मावशीने अळीला पानावर बसवलं. पान ओट्यावर नेलं. कुंडीतल्या रोपावर अलगद ठेवलं. अळीने तोंड उघडलं. आ...

कुर्रुम! कुर्रुम कुर्रुम! कुर्रुम कुर्रुम कुर्रुम!

संध्याकाळ झाली. दिवे लागले. माणसं आली. अंतोनआजोबा नवा सदरा घालून आले. टेबलाजवळ गेले आणि थबकले.

"अगं रेजिना, लिंबाची कुंडी टेबलावर कशाला आणलीस? माती सांडेल ना!"

सगळे हसले. हा हा हा! ही ही ही!

"पप्पा," मावशी म्हणाली, "शेंड्याचं पान तोडा बघू."

आजोबांनी पान तोडलं. कट्! दिव्यासमोर धरलं. शिरांवरून बोट फिरवलं. वास घेतला. मग जिभेवर ठेवलं.

पान विरघळलं.

  मग आजोबांनी मावशीचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. उलटे करून पाहिले. सुलटे करून पाहिले.

"या हातांनी केलंस? झाडासारखं झाड? पानासारखं पान?" आजोबा म्हणाले. "ऐंशी वर्षांत मी असं झाड पाहिलं नाही, पोरी!"

आणि अळी? अळी बाहेर ओट्यावर होती. पान संपलं होतं. नुसता देठ उरला होता. पोट झालं होतं टम्म. अळी देठाला बिलगून झोपली होती. गाढ गाढ.

अळीचं पोट भरलं,
आमचं सांगून सरलं!