आरशासारखं बीड

“अडकतंय कशामुळं, चाचा?”

पडवीत टेकायच्या आधीच श्रीपाल मगदूमनं विचारलं. रिक्षातून आणलेलं बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, टेबल आणि ते ज्यावर सरकतं ती बैठक, दोन्ही त्यानं मुलाणी मिस्त्रींच्या पुढ्यात मांडली होती.

मिस्त्री कॉटवर बसून होते. मशीनचं टेबल ज्यांवरून सरकतं त्या पट्ट्या हातानं खरवडून सपाट करण्यात त्यांची चाळीस वर्षं कोल्हापुरात गेलेली. श्रीपाल कंपनीत डिझाइन इंजिनिअर, पण हत्यार धरायला शिकला तो यांच्याजवळच.

तीन वर्षांपूर्वी या गड्यानं डोक्यात घेतलं, की घरच्या बाल्कनीत, टेबलावर मावेल एवढं, धातू कापायचं मिलिंग मशीन स्वतः उभं करायचं. हुशार होता, यात वादच नाही. पण मिजासही कमी नव्हती. अर्धंमुर्धं काम मिस्त्रींना दाखवायचं नाही, एकदम खोट काढायला जागा नाही असंच न्यायचं, असं ठरवून तो आठ महिने इकडं फिरकला नव्हता.

मिस्त्रींनी बैठकीवरची पट्टी चाचपायला डावा हात पुढं केला. उजवा मांडीवर तसाच पडून राहिला.

“चाचा... हात?”

“अंगावरनं वारं गेलं. दिवाळीच्या आगंमागं. बाकी सुधारलं, ह्यो तेवढा राहिला.”

“मला कळवायचं तरी...”

“तू कामात हुतास.”

श्रीपालला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मिस्त्रींनी पट्टीवरून बोट फिरवलं. पट्टी लखलखत होती.

“खरवडल्याच्या खुणा कुठं गेल्या रं?”

“काढून टाकल्या. ओबडधोबड दिसत होतं. पेस्ट लावून घासलं... चार महिने. तोंड दिसतंय बघा त्यात.”

“दिसतंय की. तुझंच.”

श्रीपालनं मान खाली घातली. “पण टेबल जागचं हलत नाही. जोर लावला की एकदम उडी मारतं. असं मशीन काय कापणार? तीन वर्षं मातीत गेली, चाचा.”

“तेल घातलंस?”

“रोज घालतो. राहत नाही.”

“राहील कुठं? त्याला जागा कुठं ठिवलीस?”

...

मिस्त्रींनी कोनाड्याकडं मान केली. तिथं त्यांची खरवडणी होती, लाकडी मुठीची, धार अजून जपलेली. श्रीपालनं ती काढून आणली आणि त्यांच्यापुढं धरली.

त्यांनी घेतली नाही.

“मार.”

“यावर?”

“त्येच्यावरच.”

श्रीपालचा हात चालेना. चार महिन्यांचे रविवार त्या चकाकीत गेले होते. बायकोच्या शिव्या खाल्ल्या होत्या, भावाचं लग्न अर्ध्यात सोडून घरी येऊन घासत बसला होता. आता आपल्याच हातानं त्यावर ओरखडे ओढायचे?

मिस्त्री कॉटवरून सरकत सरकत खाली आले. त्याच्याशेजारी मांडी घालून बसले आणि आपला डावा हात त्याच्या मनगटावर ठेवला. हात गरम होता.

“भिऊ नगंस. खोल न्हाई जायाचं. नखभर टवका, मग सोडायचं... मग म्होरं.”

पहिला ओरखडा उठला तेव्हा श्रीपालनं डोळे मिटून घेतले. दहाव्याला उघडले. पुढं त्याला चाचांचा हात मनगटावरून कधी निघाला तेही कळलं नाही. चाचीनं आणून ठेवलेल्या चहावर साय धरली.

पट्टीभर बारीक बारीक टवके पडले. चकाकी पार गेली.

फडक्यानं पुसून त्यानं तेल सोडलं. तेल त्या खळग्यांत थांबलं. वर टेबल ठेवलं आणि भीत भीत एका बोटानं ढकललं.

टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं. अडलं नाही, उडालं नाही.

श्रीपालनं मिस्त्रींच्या पायाला हात लावला, उजव्या हातालाही लावला, आणि तो हात तसाच धरून बसला.

“चाचा, आता आठवड्यात मशीन उभं करतो. पहिला तुकडा कापतो, नीट मोजतो. अगदी सरळ आला की आणून तुमच्या पुढ्यात ठेवतो.”



“सरळ आला तर फोनवर सांग,” मिस्त्री म्हणाले. “वाकडा आला... तर घिऊन ये.”