आग्रह आपला आपण

विलायतेहून परतलेल्या दिवाण खासनिसांनी गावोगावच्या पाटलांना जेवायला बोलावलं. पाट नाहीत, पंगत नाही. लांब मेजावर पदार्थ मांडून ठेवलेले. दिवाणसाहेब खुर्चीत रेलून म्हणाले, "हेल्प युवरसेल्फ. म्हणजे आपलं आपण घ्या."

पाटील गोंधळले. यजमानाने वाढल्याशिवाय भांड्याला हात लावायचा कसा? पोटात कावळे ओरडत असताना सगळे एकमेकांची तोंडं पाहत उभे राहिले.

दिवाण हसले. "ज्याला एवढंही जमत नाही, त्याने उद्यापासून दरबारात येऊ नये."

तेव्हा म्हातारे जिवबा पाटील पुढे झाले. त्यांनी ताट मेजावर ठेवलं आणि उजव्या हाताने एक जिलबी त्यावर धरली. "घ्या हो जिवबा, एवढी एक तरी." लगेच डाव्या हाताने ताट झाकलं. "नको, नको, फार झालं." "असं कसं? घ्यावीच लागेल." "बरं, मग अर्धी."

"हे काय चाललंय?" दिवाणांनी विचारलं.

"आपलं आपण घेतोय, साहेब. यजमान कुठे दिसेना, म्हणून आग्रहसुद्धा आपला आपणच करतोय."

दिवाण उठले आणि जिलब्यांची परात घेऊन जिवबांसमोर आले.

जिवबांनी ताटावरचा हात काढला.