सतार कुणाची?

मिरजेच्या शरयू मगदूम पहिल्यांदाच ऑनलाइन लिलावात उतरल्या होत्या. त्या ज्या सतारीवर शिकल्या, तीच गुरूंची सतार विक्रीला होती.

दोन मिनिटं उरली असताना बडे संग्राहक इंद्रसेन सरदेसाई यांनी सगळ्यांना दिसेल असं लिहिलं, "ही सतार मूळची आमच्या घराण्याची, म्हणजे माझीच. नवख्यांनी शिष्टाचार पाळून बाजूला व्हावं."

बाकीच्यांनी बोली लावणं थांबवलं. शरयूताईंनी मात्र लिलावाचे नियम तीनदा वाचले होते. बोली वाढवून त्यांनी लिहिलं, "स्वतःच्या वस्तूवर बोली लावायला नियमाने बंदी आहे. सतार तुमची असेल, तर तुम्ही बाजूला व्हा. नसेल, तर तसं इथेच लिहा."

चारचौघांत 'सतार माझी नाही' असं लिहायला सरदेसाईंची बोटं धजेनात. वेळ संपली, तेव्हा शेवटची बोली शरयूताईंची होती.