उण्या माळाची म्हाकूबाई

हात आवरा आधी. पँटीला लागलेली ती कुसळं उपटून फेकू नका. टोचतात ते मला दिसतंय, मलाही जन्मभर टोचतायत. पण या माळावर कुसळं काढायची एकच जागा आहे आणि ती वर आहे. आणि मघाशी गाडीतून उतरल्या उतरल्या तुमच्यातलं कोण म्हणालं, "केवढी जमीन पडीक पडलीय"? तुम्ही का? बरं. मग ते टोपलं उचला. तळ्यातला गाळ भरून ठेवलाय त्यात. या माळाला जो पडीक म्हणेल त्यानं टोपलंभर माती वर न्यायची, ही बोरजाईवाडीची रीत आहे. पाहुणा असो की गावचा जावई, सूट कुणालाच नाही. मी रागावलोय असं वाटत असेल तर बरोबर वाटतंय तुम्हाला.

चला, चालता चालता सांगतो.

याला उणा माळ म्हणतात. उगवतीची बाजू बघा, कमरेएवढं गवत आहे. आणि ही मावळतीची बाजू बघा. बोडकी, तांबडी, जागोजागी खडक वर आलेला. या बोडक्या अंगावरून खालून वर एक गवताची पट्टी गेलीय, बैलगाडीच्या वाटेएवढी रुंद. आपण तिच्याच कडेनं चाललोय. गवतावर पाय देऊ नका. इथली माती म्हणाल तर वीतभरसुद्धा खोल नाही. निम्मे खडे, निम्मी तांबूस माती, तिच्याखाली मुरूम आणि मुरमाखाली काळा पाषाण. पाणी ओतलं तर चाळणीतून जावं तसं जातं. आम्ही हिला बरड म्हणतो. बरड म्हणजे वाईट नव्हे. बरड म्हणजे बरड, तिच्याकडे ज्वारी मागू नये एवढंच.

फार पूर्वी गाव जमिनीची जात खड्ड्यावरून ठरवायचं, असं सांगतात. कोपरभर खोल खड्डा खणायचा आणि निघालेली माती परत त्यातच भरायची. खड्डा भरून माती उरली तर ती जमीन उरती. बरोबर बसली तर पुरती. कमी पडली तर उणी. उरतीत ज्वारी, पुरतीत हुलगा-मटकी, आणि उणीला नांगर लावायचाच नाही, ती जनावरांची. खड्डा खणून निकाल सांगायचा मान होता मेंढरं राखणाऱ्या एका धनगराच्या घराला. त्या घराला स्वतःची शेती नव्हती, म्हणजे खोटं बोलायचं कारणही नव्हतं. त्या घरात शेवटी उरली म्हाकूबाई. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. मेंढरं हाच तिचा संसार होता.

त्या काळी राणोजी नावाचा पाटील होता म्हणे. लागोपाठ चांगले पाऊस झाले, कणग्या भरल्या, आणि कणगी भरली की काही माणसांना पोट जास्तच रिकामं वाटायला लागतं. पाटलाची नजर माळावर गेली. माळ पिढ्यान्‌पिढ्या उणा होता, पण पाटील म्हणाला, परत खड्डा घाला. तोही कधी? ऐन श्रावणात, गवत दाट आणि ओलं असताना.

म्हाकूबाईनं खड्डा घातला. माती निघाली ती ढेकळाढेकळांनी, मुळांसकट. परत भरायला गेली तर बसेना. तुडवून बघितली, दाबून बघितली, तरी काठावर ढीग राहिलाच. सगळं गाव भोवती उभं होतं. ती बराच वेळ त्या ढिगाकडे बघत राहिली, असं सांगतात.

"बोल म्हाकूबाय, काय झाली?" पाटलानं विचारलं.

"ह्या माळाची माती कंदी उरल्याली न्हाय," ती म्हणाली, "पर आज उरली. उरली त्येला उरलीच म्हनाया पायजे."

झालं. गुलाल उधळला लोकांनी. उरलंय ते काय उरलंय, हे एकानंही वाकून बघितलं नाही. अहो, मुळं होती ती! गवताची मुळं आणि त्यांना धरून बसलेले चार खडे. ढेकूळ फोडलं असतं तर मूठभर माती निघाली नसती. या माळावर माती गवताला धरत नाही, गवत मातीला धरतं. म्हाकूबाईलाही ते त्या दिवशी कळलं नाही. रीत ढीग बघायची होती, ढेकूळ फोडायची नव्हती. तिनं ढीग बघितला.

उन्हाळ्यात मावळतीच्या अंगाला नांगर लागले. घराघराचे बैल आले. पहिल्या साली मुळं कुजून खत झालं आणि ज्वारी अशी आली की पाटलानं देवीला तोरण बांधलं. दुसऱ्या साली ज्वारीची ताटं गुडघ्याएवढीच राहिली. पुढच्या वळवाच्या पावसात, एका दुपारी, सगळं अंग खाली आलं. माती, खडे, मुरूम, सगळं. मुळं नव्हतीच, तर धरणार कोण? खाली तळ्याकाठी म्हाकूबाईनं वाघूर लावली होती, म्हणजे मेंढरांभोवतीची जाळी. मेंढरं जाळीतच गाडली गेली. तळं काठोकाठ खड्यांनी भरलं. गावाला प्यायला पाणी राहिलं नाही.

आणि मग गाव चावडीवर जमलं. कशाला? तळं उपसायला? छे! कुणाच्या माथी मारायचं ते ठरवायला.

"उरली म्हून तूच बोल्लीस," पाटील म्हणाला. आणि सगळ्यांनी माना डोलावल्या! दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही म्हणतात, ते त्या चावडीवर बसलेल्यांकडे बघूनच कुणीतरी म्हटलं असेल.

म्हाकूबाई उठून उभी राहिली. अंगावर अजून चिखल होता, मेंढरं उकरून काढल्याचा.

"व्हय, बोल्ले. माझा शबूद चुकला. त्येचं मी भरीन. ही माती वर न्हेल्याबिगर चुलीम्होरं बसायची न्हाय. पर नांगुर काय माझ्या शबदानं वढला? बैलं कुनाची हुती? फाळ कुनाचा हुता? तुमचं तुमी भरा!"

कुणी भरलं नाही. ती एकटी टोपलं घेऊन चढायला लागली. तळ्यातली माती वर न्यायची, बोडक्या खडकावर ओतायची. पाऊस आला की माती परत तळ्यात. पुन्हा टोपलं. गावाची पोरं तिला 'उरती आली, उरती आली' म्हणून चिडवायची आणि त्यांचे आईबाप हसायचे. हे सांगताना माझं आजही डोकं फिरतं. ज्या तळ्याचं पाणी ती मोकळं करत होती, त्याच तळ्यावर उभं राहून हसायचे!

परतताना ती गवताच्या बाजूनं उतरायची. लुगडं कुसळांनी भरून जायचं. मग पुढचं टोपलं वर नेलं की ओतलेल्या मातीशेजारी बसायची आणि एकेक कुसळ उपटून त्या मातीत फेकायची, नाव घेऊन, शिवी देऊन. हे पाटलाचं. हे त्याच्या भावाचं. हे गुलाल उधळणाऱ्याचं. असं घरटी एकेक. आणि शेवटचं कुसळ हातात राहिलं की म्हणायची, "ह्ये माझं." ते टाकून उठायची.

कुसळाचा गुण असा की ओल लागली की ते पीळ घेतं आणि स्वतःच जमिनीत घुसतं. पुढच्या पावसात तिथे गवत आलं. ढोपर टेकेल एवढीच जागा असेल, पण तिथली माती वाहून गेली नाही. मग ती त्याच्यावर पुढचं टोपलं ओतायला लागली, मग त्याच्यावर. ही पट्टी अशी वर गेलीय. शिव्यांवर वाढलेलं गवत आहे हे.

एका कार्तिकात अवकाळी पाऊस झाला आणि दोन दिवस ती कुणाला दिसली नाही. तेव्हा गाव वर आलं. नांगर सुटल्यापासून पहिल्यांदाच. पट्टीच्या टोकाला ती पडलेली होती, जीव गेलेला, टोपलं उशाला. उचलायला गेले तर उचलेना. लुगड्यातली कुसळं पीळ घेऊन जमिनीत उतरली होती. लुगडं मातीला शिवलं गेलं होतं म्हणे. ओढायचा धीर कुणाला झाला नाही. तिला किंचित बाजूला सरकवून, लुगड्याची एक कड तशीच ठेवून, तिथेच खड्डा खणला, तिनं वाहून आणलेल्या मातीत. तिला ठेवलं, माती लोटली.

आणि माती उरली.

उरणारच. खड्ड्यात बाई होती. काठावर ढीग राहिला आणि सगळं गाव भोवती उभं होतं, पूर्वीसारखंच. पण या वेळी 'उरली' असं कुणी म्हणालं नाही. राणोजी पाटील म्हातारा झाला होता. त्यानं तो ढीग हातांनी तिच्या टोपल्यात भरला, पट्टीच्या टोकापुढे नेऊन ओतला, आणि धोतराला लागलेली कुसळं काढायला बसला.

तेव्हापासून बोरजाईवाडीत जमिनीचा खड्डा कुणी घालत नाही. आजही कार्तिकात घरटी एक टोपलं वर येतं. पट्टी दरसाल थोडी रुंदावते असं लोक म्हणतात. मला तर काही दिसत नाही. एका दुपारी घालवलेलं इतक्या पिढ्यांत परत आलेलं नाही, आणि लोक गाडीतून उतरून पडीक म्हणतात.

हं, आलो. हा दगडांचा ढीग म्हणजे तीच. इथून पुढे खडक आहे. ओता टोपलं. आता बसा आणि कुसळं काढा. ज्याचा ज्याचा राग येतो त्याचं नाव घ्या, इथे लाज नाही धरायची. माझं नाव घेतलंत तरी चालेल, टोपलं मीच उचलायला लावलं.

शेवटचं मात्र थांबून टाका. ते कुणाच्या नावानं टाकायचं, हे तुम्हाला माहीत आहे.