परसातून ऐकलेली सनई

आपल्याला अतिशय आवडलेले गाणे तुम्ही मोठ्या हौसेने कुणाला ऐकवावे आणि त्याने नुसते "बरं आहे" म्हणावे, असे झाले तर तुमच्या मनाला काय वाटते?

एका तालुक्याच्या गावात एका वृद्ध बुवांच्या घरी दर गुरुवारी संध्याकाळी काही संगीतप्रेमी माणसे जमत असत. बुवांनी आयुष्यभर गाणे शिकवले होते. आता आवाज थकला होता, कान मात्र तल्लख होते. जमणाऱ्या मंडळींत कापडाचे व्यापारी असलेले एक शेठजी होते, शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या आणि आणखी आठ-दहा जण होते. या मंडळींची एक रीत होती. ज्या कलावंतांना कुणी ओळखत नाही, कुणी बोलावत नाही, अशांचे गाणे-वाजवणे शोधून आणायचे आणि इतरांना ऐकवायचे. ऐकून झाल्यावर मध्ये एक ताट फिरे. वाजंत्र्यांना सुपारी देऊन बोलवायची आपली जुनी पद्धत. त्याच पद्धतीने, ज्याला त्या कलावंताला समोर बसून ऐकावेसे वाटेल, त्याने ताटात एक सुपारी ठेवायची. निम्म्याहून अधिक लोकांनी ठेवली, तर त्या कलावंताला वसंतपंचमीच्या सकाळी मानाने बोलावले जाई.

बुवांचा एक तरुण शिष्य होता. एका खेड्यातल्या लग्नात त्याने तुळाजी नावाच्या गृहस्थांची सनई ऐकली आणि तो वेडा झाला. तुळाजींच्या साथीला त्यांचा धाकटा भाऊ हरिबा संबळ वाजवत असे. शिष्याने ते वादन मोबाइलमध्ये भरून घेतले. निघताना तुळाजी त्याला म्हणाले, "ऐकून घ्या दादा. लग्नाला आता सगळे डीजे सांगतात. पुढच्या सोमवारी हरिबा पुण्याला चाललाय, वॉचमन म्हणून. तो गेला की मी पण सनई ठेवून देणार. संबळाशिवाय कुठं वाजवू?"

शिष्याच्या जिवाला घोर लागला. मंडळींनी वसंतपंचमीचे बोलावणे दिले, तर हरिबा निदान थांबेल, असे त्याने मनाशी धरले.

त्याच आठवड्यातल्या गुरुवारी त्याने मंडळींपुढे ती सनई लावली. पण त्याला स्वस्थ बसवेना. सनई सुरू होते न होते तोच तो म्हणाला, "आता बघा हं, पुढं काय येतं ते!" थोड्या वेळाने त्याने हात वर केला, "आलं! आलं! ऐकलंत ना?" मग त्याने वादन थांबवले, मागे नेले आणि तीच जागा पुन्हा लावली. तो एकेकाच्या तोंडाकडे टक लावून पाहत होता. बाईंनी चष्मा पुसायला घेतला, तर तो म्हणाला, "बाई, लक्ष द्या ना!"

शेठजी म्हणाले, "अरे बाबा, कान हितंच आहेत आमचे. दुकानात ठेवून नाही आलो."

ताट फिरून परत आले. त्यात एकच सुपारी होती. ती शिष्याने स्वतःच ठेवली होती.

सगळे गेल्यावर तो बुवांजवळ बसून म्हणाला, "बुवा, या लोकांना काही कळत नाही. इतकं मोठं वादन, आणि यांना पाझर फुटत नाही. सोमवारी हरिबा जाईल. संपलं सगळं."

बुवा म्हणाले, "तो मोबाइल माझ्याकडे ठेव. शनिवारी मंडळींना पुन्हा बोलावतो. तूही ये."

शनिवारी मंडळी जमली. शिष्य आपल्या नेहमीच्या जागी बसणार, एवढ्यात बुवा म्हणाले, "परसात शेवग्याला शेंगा लागल्यात. जरा काढून आण."

"आत्ता?"

"आत्ताच."

"पण बुवा, सनई लावणार ना? मीच तर आणलीय ती!"

"म्हणूनच म्हणतो. जा."

शिष्याला फार वाईट वाटले. पण गुरूंची आज्ञा मोडवेना. तो मागल्या दाराने परसात गेला आणि आकडी घेऊन शेंगा काढू लागला. थोड्या वेळाने आतून सनई ऐकू आली. आत कुणी बोलत नव्हते. मध्ये भिंत असल्यामुळे त्याला कुणाचे तोंड दिसत नव्हते. नाइलाजाने तो नुसता ऐकत उभा राहिला. त्याची ती आवडती जागा आली, आणि प्रथमच त्याच्या ध्यानात आले की त्या जागेच्या किंचित आधी हरिबा संबळ थांबवतो. सनईला तो एकटीला पुढे जाऊ देतो आणि मग हलकेच मागून येतो. इतक्या वेळा लावूनही हे त्याला कधी ऐकू आले नव्हते. आकडी त्याच्या हातात तशीच राहिली.

तो शेंगा घेऊन आत आला, तेव्हा शेठजी विचारत होते, "बुवा, कुणाची हो ही सनई? कुठून मिळवलीत?"

"गुरुवारी ऐकलीत तीच."

"छे, छे! ती कुठं आम्ही ऐकली? ती यानं ऐकवली!"

सगळे हसले. शिष्यही ओशाळून हसला.

बाई म्हणाल्या, "मला तर सुरुवातीचा तो लांब सूर आवडला बाई. पुढची घाईची जागा एवढी नाही."

शिष्याच्या ओठावर शब्द आले होते. त्याने ते गिळले.

ताट फिरले. या वेळी ते सुपाऱ्यांनी भरले.

मंडळी पांगल्यावर शिष्याने विचारले, "बुवा, मला बाहेर का घालवलंत?"

बुवा म्हणाले, "पंक्तीत वाढणारा एकाच पानासमोर उभा राहिला आणि 'कसं झालंय, कसं झालंय' म्हणून तोंडाकडे बघत बसला, तर जेवणाऱ्याचा घास उतरेल का? गुरुवारी तू तेच केलंस. त्यांनी मान डोलावली असती, तर ती तुझ्यासाठी. नसती डोलावली, तर तुझा अपमान. अशा पेचात सापडलेला माणूस ऐकत नाही, सुटका शोधतो. तुझं प्रेम खरं आहे रे. पण सनई आणि त्यांच्यामध्ये तू उभा होतास. वाढणाऱ्यानं मनापासून वाढावं आणि पुढच्या पानाकडे जावं. चव ज्याची त्याला लागू द्यावी. ती तुझ्यासारखीच लागेल, असा हट्टही धरू नये."

 शिष्याने शेंगा निवडायला घेतल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठजींनी तुळाजींना फोन करून वसंतपंचमीचे बोलावणे दिले आणि हरिबाने पुण्याला जाणे पुढे ढकलले. नंतर दुकानावरून जाणाऱ्या शिष्याला हाक मारून, जणू ती सनई आपणच शोधून काढल्याच्या उत्साहात, शेठजी म्हणाले, "अरे, एक सनई सापडलीय, तू ऐकायलाच पाहिजेस," आणि त्यांनी तुळाजींची सगळी हकिगत त्याला सांगितली, ती त्याने पायरीवर बसून शेवटपर्यंत ऐकून घेतली.