केरसुणी आणि पिवळी कोळीण

प्रत्येक घरामागे परस असायचं, त्या काळची गोष्ट. एका परसातली केरसुणी मोठी फटकळ होती. लिंबाच्या झाडावर पिवळ्या पट्ट्यांची कोळीण जाळं विणायची आणि केरसुणी रोज ते झाडून टाकायची. "मेला कचरा!"

"असू दे बाई, उद्या नवं विणीन," कोळीण हसून म्हणायची.

दिवाळीत नवी केरसुणी आली. तिला हळदकुंकू वाहिलं आणि जुनीला लिंबाखाली टेकवून ठेवलं. तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहीना. ती रडवेली झाली.

पहाटे कोळीण खाली उतरली आणि तिने केरसुणीच्या मुठीपासून फांदीपर्यंत जाळं विणलं. दवाने ते लखलखलं. घरातली वेणू ओरडली, "आई, लवकर ये! केरसुणी बघ कशी नटलीय!"

तेवढ्यात वारा आला. केरसुणीने अंग आक्रसून धरलं आणि त्याला दटावलं, "हळू रे मेल्या! जाळं तुटेल ना!"